त्या माकडायच्या माया कोन?

मामा, रिपोर्ट आला. तुझ्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यापाशी तुझ्या दगडावर चहा घेऊन बसले होते, तेव्हा फोनवर आला. पहिल्यांदा जे निघालं होतं तेच दुसऱ्यांदाही निघालं. मी ताडकन उठले, अर्धा चहा सांडला, आणि "मामा" म्हणून मोठ्यानं हाक मारून बसले. मामी स्वयंपाकघरातून धावत आली. मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो, आणि बकऱ्या आमच्याकडे.

हे सगळं आता तुलाच सांगायचं आहे. रडून झालंय, इतके दिवस तेच चाललं होतं. आज मला तुला समोर बसवून, हातवारे करून सांगायचंय की तू बरोबर होतास. म्हणजे अर्धा बरोबर होतास. उरलेल्या अर्ध्यावर आपण नेहमीप्रमाणे भांडू.

मी शहरातल्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हा आपल्या गावच्या, रिठदच्या पारावर तू माझ्या कामाची ओळख कशी करून दिलीस ते मला लोकांनी सांगितलं होतं. "आमी वावरातली माकडं हाकलून राह्यलो, अन् आमची पोरगी तिकडं त्यायले फळं चारून राह्यली." मी तुला समजावत बसले की ही आपली काळ्या तोंडाची वानरं नव्हेत, ही लाल तोंडाची, बुटकी, वेगळी जात. तू शांतपणे म्हणालास, माकड ते माकड, तुरीच्या शेंगा दोघंही खातात.

पण थट्टा संपल्यावर तू प्रश्न विचारायचास, आणि ते सरळ हाडाला जाऊन लागायचे. एकदा विचारलंस, चांगल्या माकडांना मुद्दाम आजारी कशाला करता? मी माणसांच्या औषधांचं, लसींचं सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि एवढंच म्हणालास, मग त्यांचं नाव तरी घेत जा कधीतरी. आमच्याकडे त्यांना नावं नसतात, नंबर असतात, हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पुढचं बरंच काही टळलं असतं.

तुझ्याकडे नंबर नव्हते, खाचा होत्या. मी सातवीत होते, बाबांच्या बदल्यांमुळे तुझ्याच घरी राहून शिकत होते, त्या वर्षी बकऱ्यांची मरी आली. नाकातोंडातून पाणी, तोंडात फोड, हगवण, आणि चार-पाच दिवसांत बकरी आडवी. गावातले गोठे रिकामे झाले. आपलेही बहुतेक गेले. राहिली ती म्हातारी काळी आणि तिच्या पोटच्या. तिच्या लेकी, लेकींच्या लेकी. खाल्लं सगळ्यांनी एकच, पाणी एकच, दावणही एकच, तरी काळीचं कुटुंब उभं राहिलं. तू त्या दिवशी कात्री पेटत्या काडीवर धरलीस आणि काळीच्या वंशातल्या प्रत्येक पिल्लाच्या डाव्या कानाला एक बारीक खाच पाडलीस. वर हळद आणि खोबरेल. म्हणालास, हा वाण आहे, हा आता मोडायचा नाही. पुढं गोठ्यात डाव्या खाचेशिवाय कुणी उरलंच नाही, तरी तू खाचा पाडायचं सोडलं नाहीस.

एकच गोष्ट तुला छळायची. तांबडी. मरीनंतर जन्मलेली काळीची सख्खी लेक, डाव्या कानाची, आणि तरी मरी फिरून आली तेव्हा ती मेली. पावसात भिजलेला चारा आपण तिला घातला म्हणून ती गेली, असं तू धरून बसलास. आम्ही कुणी ते नाव काढलं की तू उठून बाहेर जायचास. मी शिकून सवरून मोठी झाले तरी तू तसाच उठून जायचास.

खरं तर मी ज्या कामात पडले त्याची सुरुवात तिथूनच झाली असावी. मुलाखतीत मी तसं काही बोलले नाही, तिथं असं बोलत नाहीत. पण माणसातल्या एड्ससारखा आजार माकडांना देणारा एक विषाणू आहे, आणि तो एकाच दिवशी, सारख्याच मात्रेत दिला तरी एक माकड काही महिन्यांत वाळून जातं आणि दुसरं त्याला वर्षानुवर्षं दाबून ठेवतं, हे मी एका व्याख्यानात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काळीचीच दावण दिसली. त्या खोलीत हे फक्त मला दिसत होतं, याचा मला गर्वही वाटला होता.

ते कसं होतं हे तुला मी ओट्यावर बसून सांगितलं होतं. शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचे बारके तुकडे बाहेर दारात आणून दाखवते. रक्तातले पहारेकरी दारोदार फिरून ते तुकडे बघतात. आत विषाणू असला तर त्याचाही तुकडा दारात दिसतो आणि पहारेकरी ते घर मोडून टाकतात. कोणता तुकडा दारात ठेवायचा हे काही जनुकं ठरवतात, आणि ती जनुकं आईबापाकडून येतात. विषाणू हुशार, तो आपला तुकडा बदलून चकवा देतो. पण काही माकडांची जनुकं नेमका असा तुकडा दारात ठेवतात की तो बदलायला गेला तर विषाणू स्वतःच लुळा पडतो. अशा माकडाला तो आजार लवकर गिळू शकत नाही. तू बिडी विझवलीस आणि म्हणालास, म्हणजे दारात काय ठेवावं हे काळीच्या घराला ठाऊक होतं. मला त्या क्षणी तुझा इतका अभिमान वाटला की मी तो लपवण्यासाठी लगेच तुझी चूक काढली. म्हटलं, बकऱ्यांचं तसं कुणी तपासलेलं नाही, तू लगेच ठरवू नको.

आणि मग गेल्या दिवाळीत मी शहाणपणा केला. गोठ्यात गेले, सगळ्यांचे डावे कान पाहिले आणि तुला सुनावलं. हे बरोबर नाही, मामा. सगळ्या एकाच घरातल्या, बोकडही घरचाच. सगळ्यांच्या दारात एकच तुकडा. उद्या वेगळा आजार आला, त्या तुकड्याला न घाबरणारा, तर एका आठवड्यात गोठा साफ होईल. कळपात तऱ्हेतऱ्हेची जनुकं हवीत, म्हणजे सगळ्याच एकदम जात नाहीत. बाहेरचा बोकड आण. तू इतका चिडलास की तुझा चहा तसाच राहिला. म्हणालास, "वीस वर्सं हा वाण मी जपला, अन् तू दोन बुकं वाचून त्याले भेसळ करा म्हनतं?" मामीनं मध्ये पडून फराळाचं ताट आणलं. आपण चकल्या खाल्ल्या, पण एकमेकांशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी जीपपर्यंत माझी बॅग घेऊन आलास, तेव्हाही हवामानावरच बोललास.

उन्हाळ्यात मी तुला फोन केला तो आठवतो ना? मी हवेत होते. आमची लस चालली होती. लस दिलेल्या माकडांपैकी बऱ्याच जणांनी विषाणू दाबून धरला होता, न दिलेली बहुतेक आजारी पडली होती. आमच्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, मला म्हणाल्या होत्या की मोठ्या परिषदेत हे तूच मांड. सगळ्यात आधी मी तुलाच फोन केला. तू खुश झालास, मामीला हाक मारलीस, कुणालातरी ओरडून सांगितलंस. आणि मग म्हणालास,

"बरं, त्या माकडायच्या माया कोन?"

मी म्हटलं, कसल्या माया? तू म्हणालास, जी वाचली ती कोणाच्या पोटची, हे बघितलंस का? मी म्हटलं, आम्ही आधी तपासतो, ज्ञात असलेली चांगली जनुकं कुणात आहेत ते बघून माकडं दोन्ही गटांत सारखी वाटतो. तू म्हणालास, ठाऊक असलेली बघितली, ठाऊक नसलेल्यांचं काय? मला राग आला. वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर कुणी गोठ्यातून बोट ठेवतंय असं वाटलं. मी म्हटलं, मामा, ती माकडं आहेत, बकऱ्या नव्हेत, आणि फोन ठेवला. ते वाक्य मला आजही खुपतं. तुझ्यामागं जे काही मला परत घ्यायला मिळालं असतं, त्यात मी ते पहिलं घेतलं असतं.

पंधरा दिवस मी तो प्रश्न डोक्यातून हाकलत होते आणि तो आपल्या वावरातल्या वानरांसारखा परत परत येत होता. शेवटी एका दुपारी, जेवायच्या सुटीत, सगळे बाहेर गेल्यावर, मी माकडं जिथं जन्मली त्या केंद्राचं जन्माचं रजिस्टर मागवून उघडलं. माकडांचा बाप कोण हे रजिस्टरमध्ये नसतं, कळपात ते कळत नाही. पण आई कोण हे लिहिलेलं असतं. तो कागद कुणी उघडलाच नव्हता, कारण आमच्याकडे येताना प्रत्येकाला नवा नंबर मिळतो आणि त्या नंबराला आई नसते. मी जुने नंबर नव्यांशी जुळवत गेले. मामा, लस घेऊन जी वाचली होती, त्यातली बहुतेक एकाच माकडिणीच्या पोटची किंवा तिच्या लेकींच्या पोटची होती. वाटणी करताना योगायोगानं ती जवळपास सगळी एकाच गटात येऊन पडली होती.

तरीही मी स्वतःला समजावत होते की हे लसीनंच झालं असेल. मग मला ती आठवली. लस न दिलेल्या गटात एक मादी होती, जिनं विषाणू दाबून धरला होता. आम्ही तिला अपवाद म्हणून बाजूला ठेवलं होतं. मी रजिस्टरमध्ये तिचं पान काढलं. ती त्याच माकडिणीची लेक होती.

लस गेली, मामा. त्या एका ओळीत गेली. मी खुर्चीत बसून राहिले आणि काही वेळानं माझ्या लक्षात आलं की मला रडू यायला हवं होतं, पण माझं काळीज धडधडत होतं ते आनंदानं. कारण लस गेली होती पण दुसरं काहीतरी आलं होतं. आम्हाला ठाऊक असलेल्या चांगल्या जनुकांपैकी त्या घरात एकही नव्हतं, म्हणजे त्या घराच्या दारात काहीतरी वेगळं ठेवलं जात होतं, जे आम्ही अजून पाहिलेलं नव्हतं. मी धावत मॅडमकडे गेले. परिषद सोडावी लागेल, हे मीच सांगितलं. त्यांनी कागद तीनदा पाहिला, चष्मा काढला, आणि विचारलं की आई बघायचं तुला सुचलं कसं. मी म्हटलं, माझ्या मामाला सुचलं. त्यांनी विचारलं, ते कुठल्या संस्थेत असतात? मी म्हटलं, रिठदला, बकऱ्या पाळतात. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्यांना सांगितलंस का?

इथं मी चुकले. मी म्हटलं, पक्कं झालं की सांगते. आमच्यात ही सवय हाडात गेलेली असते, एकदा निघालं ते खरं मानायचं नाही, दुसऱ्यांदा निघालं की तोंड उघडायचं. रक्ताचे नमुने तपासायला गेले, पहिला निकाल आला, जनुक सापडलं, आणि मी नमुने दुसऱ्यांदा पाठवले. तुला फोन करायची ती वेळ होती. मी केलाही. पण बोलले पावसाचं, सोयाबीनचं, मामीच्या गुडघ्याचं. तू म्हणालास आवाज खुश आहे तुझा, काय झालं? मी म्हटलं, थांब, थोड्या दिवसांनी सांगते. तू म्हणालास,

"मलेबी तुले एक दाखवाचं हाय. पानी उघडू दे, मंग ये."

मला वाटलं नवीन मोटर बसवली असेल. पाणी उघडलं, आणि मी आले ती तुला शेवटचं बघायला.

तेव्हा आता ऐक. निकाल पक्का आहे. ज्या माकडांत त्या जनुकाचं ते रूप आहे, त्यांनी विषाणू धरून ठेवला, लस असो वा नसो. आणि तुझी अर्धी चूक ही की माय पुरत नाही, मामा. त्या माकडिणीचं एक पोर आजारी पडून गेलं. त्याच पोटचं, पण तपासलं तर त्याच्यात ते रूप आलंच नव्हतं. आईकडं अशा प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात आणि पोराला त्यातली एकच मिळते. बाकीचं बापाकडून. ते पोर रिकाम्या हातानं जन्मलं होतं. मी तो कागद वाचला आणि मला तांबडी आठवली. मी तिचं रक्त तपासलेलं नाही, तपासताही येणार नाही, त्यामुळे शपथेवर सांगू शकत नाही. पण मला आता मनापासून वाटतं की ती भिजल्या चाऱ्यानं गेली नाही. तिला काळीकडून नेमकं ते मिळालं नसेल. तू काही केलं नव्हतंस. इतकी वर्षं तू उगाच उठून बाहेर जात होतास, आणि हे सांगणारी मी एका रिपोर्टसाठी थांबून राहिले.

मामीला मी हे सगळं गोठ्यापाशीच सांगितलं, सांडलेल्या चहात उभं राहून. तिला जनुक कळलं की नाही ठाऊक नाही, पण तांबडीचं कळलं. तिनं डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, ये, तुला दाखवायचं राहिलंच आहे, आणि मला गोठ्याच्या मागच्या अंगाला घेऊन गेली.

तिथं एक बोकड बांधला होता. भुरा, रुंद कपाळाचा, आणि स्वभावानं वाईट, मला बघताच त्यानं शिंगं खाली घातली. आपल्या घराचा तो नव्हताच. त्याच्या बाजूला चार-पाच महिन्यांची पिल्लं उड्या मारत होती, काळी पण कपाळावर भुरा ठिपका असलेली. मी सवयीनं त्यांचे कान पाहिले. डाव्या कानाला खाच होती. आणि उजव्या कानालाही होती. उजव्या कानाची खाच मी तुझ्या गोठ्यात जन्मात पाहिली नव्हती.

मामीनं सांगितलं ते असं. दिवाळीनंतर तू दोन महिने माझ्यावर धुसफुसत होतास. संक्रांत झाल्यावर एक दिवस सकाळी न सांगता निघालास, जो तू रिसोडच्या पुढं जायला कुरकुरायचास. जीप, मग बस, मग पुन्हा जीप करत पार कामरगावला गेलास, कारण तिकडच्या एका माणसाच्या बकऱ्या दुसऱ्याच घराण्याच्या आणि निरोगी, असं कुणीतरी सांगितलं होतं. बोकड घेऊन संध्याकाळी परत आलास. बोकडानं जीपमध्ये एका बाईची भाजीची पिशवी खाल्ली होती आणि तू वाटेत तिच्याशी भांडून आला होतास. मामीनं विचारलं, पोरीला फोन करून सांगू का? तर तू नको म्हणालास.

"तुह्ये मामा म्हने," मामी म्हणाली, "पिल्लं होऊ दे, एक पावसाळा काढू दे त्यायले. बिमारी आली अन् टिकले, तं मंग सांगू तिले का तिचं बरोबर हाय. आत्ता नको सांगू, उगा भाव खाईन."

मी गोठ्यात मटकन खाली बसले आणि हसायला लागले. मामीला वाटलं मी रडतेय. दोन्हीही असेल. मामा, तूही दुसऱ्या निकालासाठी थांबलास. एक पावसाळा थांबलास, तपासणी नीट पुरी व्हावी म्हणून. मी ज्या हट्टाला माझं शिक्षण समजत होते तो तुझ्याकडूनच आला होता, आणि आपण दोघं आपापल्या जागी बसून, एकमेकांचं बरोबर आहे हे पोटात धरून, पक्कं व्हायची वाट बघत होतो.

पावसाळा निघाला. पिल्लं टिकली. मी त्यांच्याभोवती फिरून नाकं पाहिली, तोंडं उघडून पाहिली, सगळी ठणठणीत आहेत. एका पावसाळ्यानं फार काही सिद्ध होत नाही, हे तुला मी सांगितलं असतं आणि तू चिडला असतास.

कोपऱ्यात एक पिल्लू होतं, आठ दिवसांचं. तू गेल्यावर जन्मलेलं. त्याच्या दोन्ही कानांना काही नव्हतं. मामी आत जाऊन तुझी कात्री, हळद आणि खोबरेलाची बाटली घेऊन आली आणि सगळं माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, मला येत नाही. ती म्हणाली, मग कोण पाडणार? तिनं पिल्लू मांडीवर घेतलं, कान माझ्यापुढं ताणून धरला. मी काडी पेटवून कात्री तापवली, निवू दिली. आधी काळीच्या घराचा डावा कान, मग बोकडाच्या घराचा उजवा. उजवी खाच जरा तिरकीच पडली. पिल्लू जोरात ओरडलं. मामी म्हणाली, त्यांच्या हातून एकही कधी ओरडलं नव्हतं.

पुढच्या वेळी जमेल, मामा.